ठेंगणी चौकट

१० जून, मंगळवार

शाळेतून निवृत्त होऊन दहा वर्षं झाली तरी माझं वर्ष जूनमध्येच सुरू होतं. नवी वही आणली की आधी हजेरी. हजर: मी कोकिळा, वय अडुसष्ट, गुडघे सोडले तर ठणठणीत. मुलगा निशांत, समुद्रपूरला सरकारी कचेरीत बाबू, रोज हिंगणघाटहून जाऊन-येऊन. सून नमिता, माहेर हिंगणी. गैरहजर: आमचे हे, वासुदेवराव. जाऊन सहा वर्षं झाली. आणि एक जण अजून पटावरच आला नाही. त्याची वाट सात वर्षं पाहते आहे.

आज वटपौर्णिमा. मला आता वडाशी काम नाही, पण नमिताचं ताट मीच लावून दिलं आणि पारावर जाऊन बसले. शेजारच्या विमलाबाई सगळ्यांच्या ओट्या भरत होत्या. नमिताला त्यांनी कुंकू लावलं आणि ओटी न भरताच पुढच्या बाईकडे वळल्या. गहू संपले असतील असं मी मनाला सांगितलं. गहू संपले नव्हते.

नमिताने पदर कपाळावर ओढून घेतला होता. काल पुन्हा दारावर आपटली. भुवईवर चांगलं टेंगूळ आलंय. आमच्या मधल्या खोलीची चौकट ठेंगणी आहे, जुनं सागवानी काम. मीही नवी होते तेव्हा सारखी आपटायचे. कधी डोळा, कधी ओठ. लग्नाला नऊ वर्षं झाल्यावर निशांत झाला आणि आपटणं थांबलं. घराची सवय व्हायला वेळ लागतो. हिलाही एक लेकरू झालं की होईल.

२१ जून

वर्ध्याला जाऊन आलो. हा तिसरा दवाखाना. आधीच्या दोन्ही डॉक्टरांनी पहिल्याच भेटीत नवऱ्याची तपासणी सांगितली आणि निशांतला ते डॉक्टर पटले नाहीत. ही डॉक्टरीणबाई जरा सबुरीची वाटली. म्हणाली, हिच्या गोळ्या-इंजेक्शनं सुरू करते, पण तुमचीही तपासणी या महिन्यात करून घ्या. निशांत मान हलवून "हो" म्हणाला.

परतीच्या बसमध्ये म्हणतो, "माह्यात काय कमी हाय? मर्द माणसाले कायची तपासणी?"

मी म्हटलं, "बरोबर हाय."

या घरात आजवर कुण्या पुरुषाची तपासणी झालेलीच नाही. यांची शुगरसुद्धा शेवटच्या आजारात कळली. नमिता खिडकीशी बसली होती. बस नदीच्या पुलावरून जाताना तिने डोळे मिटून घेतले. नवस बोलली असावी.

३ जुलै

इंजेक्शनं फ्रीजमध्ये दह्याच्या भांड्याशेजारी ठेवली आहेत. नमिता स्वतःच पोटात टोचून घेते. आज मी जवळ उभी होते. सुईचे ठिपके होतेच, पण कमरेकडे तळहाताएवढा पिवळा-जांभळा डाग होता. एवढ्या बारीक सुईने एवढा डाग कसा पडतो, डॉक्टरीणबाईला विचारायला हवं. नमिताला विचारलं नाही.

भरली वांगी केली होती. निशांतला आवडली नाहीत.

१३ जुलै, रविवार

माळ्यावरून नंदी उतरवून घेतला. पोळ्याला अवकाश आहे, पण रंग वाळायला हवा. हा आमचा लाकडी नंदी, चाकांवरचा, कमरेएवढा उंच. यांनी सुतार घरी बसवून करून घेतला होता. पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी, पोरांच्या तान्ह्या पोळ्याला, निशांत त्याची दोरी धरून दारोदार फिरायचा. बाया बैलाला ओवाळायच्या, याच्या हातावर बोजाऱ्याचे पैसे ठेवायच्या. इतर पोरांच्या हातात वीतभर बैल आणि माझा लेक राजासारखा पुढे. नातू होईल त्याच्यासाठी मी दर वर्षी नंदीला तेल-रंग करून ठेवते.

झुली उलगडून पाहिल्या. एक अजून कोरी आहे. निशांत पंधरा वर्षांचा होता, त्या वर्षी मोठ्या पोरांच्या नंदींना बक्षीस लावलं होतं. महिनाभर बसून मी तिला आरसे टाचले, आणि पोळा आठवड्यावर आला असता याला गालफुगी झाली. गाल असे फुगले की आम्ही हसलो. मग ताप चढला आणि सूज खाली उतरली. धोतराची मऊ घडी मांडीत ठेवून निजवलं होतं. चालणं सोडाच, कूस वळताना ओरडायचा. डॉक्टर आले, यांना अंगणात घेऊन गेले आणि बराच वेळ बोलले. हे आत आले ते म्हणाले, "कोणाले सांगायचं नाई." मी कोणाला सांगणार होते! त्या वर्षी नंदी निघालाच नाही. त्या झुलीची मला अजून हळहळ वाटते.

विमलाबाईंची नात आचल कंपाउंडवरून डोकावत होती. "आजी, यंदा हा नंदी मले देता का? माह्या बैलाचं चाक तुटलं."

"नाई बाई, हा आमच्या बाळाचा हाय."

"बाळ कोठं हाय?"

दुसरीत आहे, पण तोंड सातवीतलं.

२६ जुलै

नमिताची पाळी आली. न्हाणीतून बाहेर यायला तिने खूप वेळ लावला. बाहेर आली, पोळ्या लाटल्या, एकही करपली नाही.

निशांत संध्याकाळी आला तेव्हा पाण्याचा पेला देतानाच तिने सांगितलं. मी बाहेरच्या खोलीत टीव्ही लावून बसले होते. आतून आवाज आला तेव्हा मालिकेत सासऱ्याचं मृत्युपत्र वाचत होते. मी आवाज वाढवला. मग आणखी थोडा वाढवला. भिंतीपलीकडून विमलाबाईंनीही त्यांचा आवाज वाढवला. आपलेच दात, आपलेच ओठ.

मृत्युपत्रात काय निघालं ते मला आता आठवत नाही.

२ ऑगस्ट

निशांतला सुट्टी नव्हती, म्हणून नमिताबरोबर मी गेले. डॉक्टरीणबाईने कागद बाजूला सारले आणि सरळ सांगितलं, "हिचं सगळं ठीक आहे. नवऱ्याची तपासणी झाल्याशिवाय मी आता एकही इंजेक्शन देणार नाही. उगाच हिच्या अंगाला त्रास कशाला?" मग माझ्याकडे वळून विचारते, "आजी, तुमच्या मुलाला मोठेपणी कधी गालफुगी झाली होती का?"

मी म्हटलं, "नाही."

विचार करून म्हटलं असं नाही. तोंडातून निघालं. हे जाऊन सहा वर्षं झाली, तरी 'कोणाले सांगायचं नाई' अजून कानात जागं आहे.

"बरं," ती म्हणाली. "वयात आलेल्या मुलाला होऊन सूज खाली उतरली, तर पुढे कधी कधी मूल होत नाही. म्हणून विचारलं."

नमिता माझ्याकडे पाहत होती. मी भिंतीवरच्या गुटगुटीत बाळाच्या चित्राकडे पाहिलं. दवाखान्यात असली चित्रं लावतात कशाला, बायांना चिडवायला?

घरी येऊन बसल्या बैठकीला किलोभर लसूण सोलला. एवढा लसूण नको होता.

८ ऑगस्ट

नंदीला शेवटचा हात दिला. पांढरं अंग, निळी शिंगं. सुरेख दिसतो.

सारखं वाटतं की डॉक्टरांनाही सगळं कुठे कळतं. 'कधी कधी' म्हणाली ती, 'नेहमी' म्हणाली नाही. मलाही नऊ वर्षं झालं नव्हतं. झालं ना शेवटी?

१४ ऑगस्ट

नंदीचं उजवं शिंग तुटलं. मुळापासून. रंग नुकता वाळला होता. आता असं सागवान मिळत नाही. सुतार आंब्याचं लाकूड बसवेल, आणि ते दिसेल.

काय झालं ते क्रमाने लिहायला हवं, मुलांना मी तसंच शिकवत असे. नमिताने निशांतला सांगितलं की तुमची तपासणी झाल्याशिवाय डॉक्टर पुढे काही करणार नाहीत. तो हसला. ती म्हणाली, "एकदा करून पाहा न. मी सात वर्षं करून राह्यली." तो उठला. तिचा दंड पिळला. ती मधल्या खोलीकडे पळाली. तिथे कोपऱ्यात नंदी होता. तो जड आहे, मला एकटीला उचलत नाही. निशांतने दोन्ही हातांनी उचलला.

मी ओरडले, "अरे, नंदी!"

हे मी ओरडले. दुसरं काही नाही. हे वाक्य लिहून मी पेन खाली ठेवलं होतं, आता पुन्हा उचललं.

नमिताच्या डोक्याला टाके पडले. दवाखान्यातल्या नर्सने विचारलं तेव्हा मी म्हटलं, "दारावर आपटली. आमची चौकट ठेंगणी आहे." नर्सने माझ्याकडे जरा जास्त वेळ पाहिलं. नमिता छताच्या पंख्याकडे बघत होती.

१५ ऑगस्ट

झेंडावंदन करून येताना निशांतने जिलबी आणली. नमितासाठी वेगळी पुडी. "खाय न, गरम हाय," म्हणाला, अगदी मायेने. तिने खाल्ली. मीही खाल्ली.

१८ ऑगस्ट

निशांतने ठरवून टाकलं. त्याचे काका अण्णाजी यांनी आर्वीकडची एक मुलगी बघून ठेवली आहे. नमिताच्या वडिलांना, तानबाजींना, बैठकीला बोलावलं. पोळ्याला शेतकरी माणूस बैल सोडून येणार नाही, म्हणून दुसऱ्या दिवशी. म्हणजे तान्ह्या पोळ्याच्या दिवशीच.

मी विचारलं, "आन नमिता?"

"सोडचिठ्ठी. तिच्या बापानं नाई म्हटलं तर राहील इथंच, कामाले होते."

चहा फार गोड झाला होता.

२१ ऑगस्ट

आज खांदशेकणी. वर्षभर जू ओढलेल्या बैलाच्या खांद्याला पोळ्याच्या आदल्या संध्याकाळी हळद-तूप चोळतात आणि म्हणतात, आज आवतण घ्या, उद्या जेवायला या. माझ्या माहेरी गोठा होता. इथे मी लाकडी नंदीलाच दोन बोटं लावते. एकशिंगी झाला म्हणून काय झालं.

वाटीत हळद-तूप उरलं. नमिता ओट्याशी डाव्या हाताने भांडी घासत होती, उजवा खांदा उचलत नव्हता. मी म्हटलं, "इकडं बस." ती बसली. पदर बाजूला केला तर सबंध खांदा सुजलेला, दंडावर चार बोटांचे वळ. मी हळूहळू चोळलं. बैलाला चोळताना लागतो तसा तळहात कोमट झाला.

ती म्हणाली, "आई, मी दारावर नाई आपटत."

मी चोळत राहिले.

"तुमच्या वेळी बी हेच दार होतं का?"

माझा हात थांबला. पंचेचाळीस वर्षांत हे मला कुणी विचारलं नव्हतं. आईनेही नाही. मी म्हटलं, "लेकरू झालं का थांबते, नमिता. माह्यं थांबलं."

"आन नाई झालं तर?"

तिने ते साधंच विचारलं, भाजीत मीठ घालू का विचारावं तसं. आणि मला कळलं की नाहीच होणार. एवढी वर्षं मी तिला धीर देत होते तो लेकराच्या भरवशावर, आणि लेकरू येणारच नाही. हे मला तेरा जुलैला झूल उलगडली तेव्हाच कळायला हवं होतं. कळलंही असेल. मी ते झुलीत गुंडाळून ठेवलं.

मला तिची माया वाटली आणि स्वतःची किळस आली. दोन्ही एकदम. पण रडू आलं नाही. वाटी धुवून पालथी घातली.

२३ ऑगस्ट, शनिवार

दुपारी बैठक झाली. अण्णाजी खुर्चीवर, निशांत दिवाणावर, तानबाजी चटईवर. त्यांना खुर्ची दिली होती, बसले नाहीत. काल बैलांना रंगवताना लागलेला गेरू त्यांच्या नखांत होता. नमिता दाराआड.

निशांत म्हणाला, "काका, तीन दवाखाने केले. हिच्यातच दोष हाय."

अण्णाजी म्हणाले, "वंश तं बुडवता येत नाई, तानबाजी. तुमी समजदार माणूस हा."

तानबाजींनी हात जोडले. "दुसरी करा, मी नाई म्हणत नाई. पर हिले घरातच राहू द्या. कोपऱ्यात पडून राहील. गावात कोणतं तोंड दाखवू मी?"

त्या माणसाचे जोडलेले हात मला बघवेनात. मी चहा आणायला उठले. तेवढ्यात दारात पोरांचा गलका झाला, "आजी, बैल आला, बैल!" आचल पुढे. तिच्या बैलाला चाकाऐवजी बाटलीचं झाकण लावलं होतं, तो लंगडत होता. मी ओवाळणीचं ताट घ्यायला आत गेले आणि ताट न घेता नंदीची दोरी धरली. ओढत बाहेर आणला. त्याची चाकं करकरतात, सगळे बघायला लागले. बैठकीच्या मधोमध उभा केला.

"तानबाजी," मी म्हटलं, "तुमच्या पोरीत दोष नाई. निशांतले पंधराव्या वर्षी गालफुगी झालती. सूज खाली उतरलती. डॉक्टरनं तवाच ह्याच्या बाबाले सांगतलं होतं. मले माहीत होतं, आन वर्ध्याच्या डॉक्टरीणबाईनं विचारलं तं मी खोटं बोलली."

आवाज वर्गात निघायचा तसा निघाला. थांबलेच नाही. "आन हे शिंग दारानं नाई तुटलं. यानं हा नंदी हिच्या डोक्यात घातला. मी पाहून राह्यली होती."

अण्णाजी म्हणाले, "वहिनी, पोरं उभी हायेत दारात! झाकली मूठ सव्वा लाखाची असते."

"उघडली, भाऊजी. रिकामीच होती."

निशांत माझ्याकडे बघत होता. पंधराव्या वर्षी अंथरुणातून बघायचा, अगदी तसा. त्या क्षणी त्याला जवळ घ्यावंसं वाटलं, हेही लिहून ठेवते. मग तो चप्पल न घालता बाहेर निघून गेला.

तानबाजी उठले. हात सुटले होते, पण ते कुठे ठेवावे हे त्यांना कळेना. दाराकडे जाऊन म्हणाले, "चाल माय." एवढंच.

नमिताने एक पिशवी घेतली. माझ्या पाया पडली नाही. बरं केलं. घरातून जाणाऱ्या माणसाला आम्ही कधी 'जा' म्हणत नाही, 'येजो' म्हणतो. सगळ्यांना म्हणतो, वसुलीला आलेल्यालाही. ते जिभेवर आलं होतं. मी म्हटलं, "जाय बाई. वापस येऊ नको." ती उंबऱ्याशी क्षणभर थांबली, मग गेली.

आचल अजून दारातच होती. तिच्या हातात नंदीची दोरी दिली. "ने. तुझा."

"याले एकच शिंग हाय, आजी."

"हो. एकच हाय."

तिने थोडा विचार केला आणि ओढत नेला. कोरी झूलही घालून दिली. रस्ताभर आरसे चमकत होते. निशांत अजून घरी आलेला नाही.

२४ ऑगस्ट

डाव्या कानाने ऐकू येत नाही. ओठ आतून फाटला आहे, चहा झोंबतो. निशांत काल दिवेलागणीला आला होता. सकाळी बॅग भरून अण्णाजींकडे गेला.

नमिताचा फोन आला, उजव्या कानाला लावून ऐकला. ती तक्रार देणार आहे. म्हणाली, "आई, पोलिसांपुढं सांगाल का? तुमचा पोरगा हाय. नाई म्हटलं तरी मी समजीन." मी म्हटलं, सांगते. डॉक्टरीणबाईलाही सांगते. ती काहीतरी बोलली, पण तेव्हा मी चुकून फोन दुसऱ्या कानाला लावला होता.

दुपारी विमलाबाई साखर मागायला आल्या. साखर त्यांच्याकडे असते. माझ्या तोंडाकडे पाहून म्हणाल्या, "अरे बाप्पा! दारावर आपटल्या का?"

"नाही. निशांतनं मारलं."

"हळू बोला, कोणी ऐकंन."

मी पुन्हा सांगितलं, तेवढ्याच आवाजात. "निशांतनं मारलं. नमितालेही तोच मारत होता. आन मले ह्याचे बाबा मारत." विमलाबाई साखर न घेता बसून राहिल्या. मग एकदम पदराने डोळे पुसायला लागल्या. मी कारण विचारलं नाही, पण त्यांना उठवलंही नाही. दोघी बसलो.

त्या गेल्यावर मधल्या खोलीच्या दारात जाऊन उभी राहिले. पाठ चौकटीला लावली, टाचा जुळवल्या, शाळेत मुलांची उंची घ्यायचे तशी. डोक्यावर वीत ठेवली. अख्खी वीत मावली आणि वर बोटभर जागा उरली. नमिता माझ्याएवढीच आहे.

चौकट ठेंगणी नाही. या दारावर आजवर कुणीच आपटलेलं नाही.